टिकलीखालचा दिवा

चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या पेट्रोल टाकीचं झाकण हळूच फिरवून पाहा. फुस्स असा आवाज येतो. कोणीतरी बराच वेळ दाबून धरलेलं बोलणं तोंडातून एकदम निसटावं, तसा. त्या आवाजावर माझी नोकरी चालते. वाफ कुठून बाहेर यायला हवी, कुठून येता कामा नये, आणि नको तिथून येत असेल तर नेमकी कुठून, हे मी शोधते.

"गाड्या दुरुस्त करतेस म्हणजे काय करतेस?" पाहुणे विचारतात. मी सांगते, वाफ पकडते. मग पाहुणे आधी माझ्याकडे आणि नंतर माझ्या आईकडे पाहतात. आई म्हणते, "तिचं लहानपणापासूनच असं आहे. चहा घ्या."

लहानपणाचं ती म्हणते ते खरं आहे. मी ऊर्जानगरात, कोळशावरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढले. बाबा तिथेच कंत्राटी कामगार. संघटनेची पत्रकं छापून आणायचं आणि पाळी सुटताना फाटकाशी उभं राहून वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं मात्र वळकटीखाली गठ्ठ्यांनी असायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'बदक' आणि 'कमळ' यांच्या आधी मला 'निषेध' वाचता येत होतं. दोरीवरचे कपडे आई दोनदा झटकून घडी करायची, कारण त्यांच्यावर राख बसलेली असायची. त्या राखेवर बाबांकडे पत्रक होतं. धुळीपासून वाचायला तोंडावर बांधायचे मास्क हवेत, याच्यावरही होतं. ज्याच्यावर पत्रक निघालं त्याच्याशी लढता येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

पुढे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला गेले. तिथे पहिल्यांदा कळलं, की काही गोष्टींवर पत्रक निघतच नाही. राख दिसते, म्हणून लोक तिच्याविरुद्ध बोलतात. धूर दिसतो. पेट्रोलची वाफ दिसतच नाही. गाडी चालू असो की बंद, आपल्याकडच्या उन्हात टाकीतलं पेट्रोल उडतच असतं. ती वाफ श्वासात गेली की डोकं दुखतं, मळमळतं. उन्हात बाकीच्या धुराशी मिळून ती आणखी विषारी वायू बनवते. आणि ती पेटते. हवेपेक्षा जड असते, त्यामुळे खाली बसते आणि जमिनीलगत सरपटत ठिणगी असेल तिथपर्यंत पोचते. हे त्या वर्गात ऐकलं आणि मी बाकावरून उठलेच. सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "सर, मग हे कोणी थांबवतं का?"

थांबवतात. त्यासाठी गाडीत एक साधी, सुंदर सोय असते. टाकीतून निघालेली वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. आता आम्हाला कोळशाचं काय कौतुक? राजुऱ्याच्या बाजूला गेलात तर ट्रकच्या ट्रक भरून चाललेला दिसेल. पण हा कोळसा जळण्यासाठी नसतो. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात, की वाफ त्यात अडकून बसते. इंजिन चालू झालं की एक झडप उघडते, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. सगळा कोळसा धूर सोडण्यासाठी जन्माला येतो असं समजणाऱ्या मला, वाफ गिळून बसलेला हा कोळसा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा काय वाटलं सांगू? आपल्याच बाजूचा कामगार भेटला असं वाटलं!

मात्र नळ्या रबराच्या असतात. त्या उन्हाने तडकतात, निसटतात. झाकणाचं रबर झिजतं. आणि आमच्या भागातली माणसं या डब्याचा जीव घेतात ते त्यांच्या एका खास सवयीने. सिरोंच्याकडे निघालेला माणूस पंपावर सांगतो, "गळ्यापर्यंत भर." पंपाची नळी आपोआप बंद झाली, तरी तो थांबत नाही. वाटेत पंप मिळेल न मिळेल, म्हणून गाडीला दोघं मिळून गदागदा हलवतात, बुडबुडे काढतात आणि पुन्हा भरतात. ते जादाचं पेट्रोल नळीतून थेट कोळशाच्या डब्यात उतरतं आणि कोळसा बुडून मरतो. मग गाडी पंपावरून निघाल्या निघाल्या खोकत बंद पडते. एक ठेकेदार तर पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणून पंपवाल्याशी भांडून आमच्याकडे आले होते. मी डबा काढून उलटा केला. आतून पेट्रोलची धार लागली. ते बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे याच्यात पण मावते? किती मावते?"

अशा लोकांत काम करायचं तर अंगात आग हवी आणि तोंडावर हसू. पहिली गोष्ट माझ्याकडे भरपूर होती. दुसरी लालसूभाऊंनी शिकवली.

लालसूभाऊ शेजारच्या जिल्ह्यातले, मुलचेऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावचे. त्यांच्याकडे एक पेट्रोलची व्हॅन आहे. तिच्यातून ते आपल्या गावची आणि वाटेवरच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीतली मुलं मुलचेऱ्याला शाळेत पोचवतात. मोहाच्या दिवसांत रविवारी त्याच गाडीत पोती घालून मोहफुलं बाजारात नेतात. मार्च संपत आलेला. एका शनिवारी ते क्लचच्या कामासाठी चंद्रपूरला आमच्या वर्कशॉपात आले. मी सहज गाडीत डोकावले, तर समोरच्या काट्यांच्या तबकडीवर एक मोठी मरून टिकली चिकटवलेली.

"भाऊ, हे काय हाय?"

"टिकली."

"ते दिसते मले. इथी काऊन?"

"बायकोनं लावली. तिकून एक पिवळा डोळा टकामका पाहत राहते. पोट्टे भेते."

मी नखाने टिकलीचा कोपरा उचलला. खाली इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा पेटलेला. होळीपासून तो असाच पेटून होता. टिकलीमुळे कोणाला त्याचा त्रास नव्हता.

यंत्र लावून पाहिलं. इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल यांचा मेळ बसत नाही, असं गाडी सांगत होती. का बसत नाही, ते ती सांगू शकत नव्हती. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना आपली वाफ गळतेय का हे स्वतः तपासता येत नाही. ते नाकाने आणि धुराने शोधावं लागतं. मी मागचं दार उघडून आत नाक खुपसलं. मोहाचा वास असा, की गाडीनेच पिऊन घेतली असावी. गोड, आंबूस, दाट. पण मागच्या सीटखाली वाकले तेव्हा त्या गोडाच्या आत काहीतरी बोचरं लागलं.

"पेट्रोलचा वास येऊन राह्यला भाऊ."

"मोह हाय ताई तो. तुम्ही शहरातले, तुम्हाले काय समजन."

"मी ऊर्जानगरची हाय. आमच्याइथी वासाले कमी नाई. पोट्ट्याहिचं डोकं दुखते का?"

"दुखते ना. शाळेत जाताना कोणाचं दुखत नाई?"

"उलट्या?"

"दोघीतिघी करते. रस्ता पाह्यला का तुम्ही?"

या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर खरं वाटण्यासारखं होतं. मी धुराचं यंत्र ओढून आणलं.

हे यंत्र म्हणजे माझं लाडकं लेकरू. लोखंडी पेटी, आत तेल तापून पांढरा धूर होतो. गाडीच्या वाफेच्या नळ्यांची तोंडं बंद करून त्यांच्यात तो धूर अगदी हलक्या दाबाने सोडायचा. गरम चहावर फुंकर मारता तेवढ्याच. धूर ढकलायला साधी हवा वापरायची नाही, कारण हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली तर एक ठिणगी पुरते. टायरवाले चाकात भरतात तो नायट्रोजन आम्ही वापरतो. मग बॅटरी घेऊन गाडीखाली सरकायचं आणि वाट बघायची. जिथे गळती असेल तिथून पांढरा धागा निघतो. न दिसणारी गोष्ट दिसते! इतकी वर्षं झाली, पण तो धागा दिसला की अजून माझ्या तोंडून ओरड निघते. वर्कशॉपातल्या सगळ्यांना त्याची सवय आहे.

त्या दिवशी ओरड निघाली नाही. यंत्रावरचा दाबाचा काटा जागचा हलला नाही. सगळ्या नळ्या घट्ट. मी पुन्हा लावलं. पुन्हा घट्ट.

आमचे मालक मुकुंदभाऊ बाजूला हात पुसत उभे होते. "नाकाले सर्दी झाली तुह्या," ते म्हणाले. "बटन दाब, दिवा घालव आन जाऊ दे त्याले."

तेवढं सोपं आहे ते. यंत्रावरचं एक बटन दाबलं की गाडीची तक्रार पुसली जाते आणि दिवा विझतो. कारण तसंच राहतं. पुष्कळ ठिकाणी एवढंच करून देतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. माझ्या दृष्टीने हे म्हणजे फाटकाशी पत्रक वाटणाऱ्याचं तोंड दाबणं.

"भाऊ, मी नाई दाबत."

"तुह्यासारखी आणखी एक ठेवली तं माह्या वर्कशॉपाचं पोलीस ठाणं होईन," मुकुंदभाऊ म्हणाले. पण त्यांनीही बटन दाबलं नाही. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

लालसूभाऊ चावी घेऊन निघाले. मी विचारलं, "इतकी घाई कायले? उद्या रविवार हाय."

"उद्या मोह न्यायचा. परवा शाळा. सध्या सकाळी लवकरच लावा लागते गाडी. पोट्टे मायसंग मोह वेचाले जाते, तं घरी कोण राहते? मी गाडी सरळ मोहाच्या झाडाखालीच लावतो. तिथूनच बसते सारे."

"झाडाखाली? तिथी तं पाचोळा जाळते."

"जाळतेच ना. नाई जाळला तं फूल दिसन कसं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहाची फुलं रात्रभर टपटप खाली पडतात. खालचा पाचोळा जाळून जमीन साफ केली की ती वेचता येतात. त्यामुळे या दिवसांत झाडाखाली कुठे ना कुठे विस्तव धुमसत असतो. आणि जमिनीलगत सरपटणारी वाफ सोडणारी गाडी, आत बसलेली पोरं घेऊन, त्याच झाडाखाली उभी राहणार होती.

मी बोलायला लागले. वाफ, विष, ऊन, फुप्फुसं, कायदा, नफा, पृथ्वी. लालसूभाऊ मान हलवत होते आणि त्यांची नजर फाटकाकडे होती. मला एकदम बाबांची आठवण झाली. ते म्हणायचे, पत्रकात दहा मागण्या लिहिल्या की मालक सर्वांत सोपी उचलतो आणि फोटो काढतो. एका पत्रकात एकच मागणी ठेवावी. मी थांबले, श्वास घेतला.

"भाऊ, एकच सांगते. झाडाखाली गाडी लावू नका. डांबरी रस्त्यावर लावा. पोट्टे चालत येईन."

"बरं," ते म्हणाले. हे 'बरं' आमच्याकडे सगळ्यांना ओळखता येतं. त्याचा अर्थ 'तुम्ही म्हणता ते ऐकलं, आता मी माझं करतो' असा असतो.

संध्याकाळी घरी जायला ऊर्जानगरच्या थांब्यापाशी उतरले. पाळी बदलायची वेळ. कंपनीची बस भरत होती. डबे, पिशव्या, हेल्मेटं घेऊन माणसं आत शिरत होती. जसजशी बस भरत गेली तसतशी ती मागून खाली बसत गेली, आणि शेवटचा माणूस चढला तेव्हा मागच्या चाकाजवळची रबरी पट्टी रस्त्याला टेकली. मी ती बस जन्मापासून पाहत आले आहे. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा नीट पाहिली. मी रस्त्यातच मुकुंदभाऊंना फोन लावला.

"भाऊ! गाडी रिकामी होती!"

"कोणती गाडी?"

"लालसूभाऊची! आपण रिकामी तपासली. पोट्टे बसले, पोती भरली, की बूड खाली बसत असन. तवा गळत असन ते! भरून तपासाले पाह्यजे!"

"मंग आणतो का तो भरून इथपर्यंत?"

"आपण जाऊ. उद्या. सुट्टीच हाय."

मग मुकुंदभाऊ म्हणाले, "यंत्र तुह्या एकटीच्या हाती नाई देत मी. मी येतो."

रविवारी आम्ही निघालो. यंत्र, नायट्रोजनची लहान टाकी, नळीचे तुकडे, आणि मुकुंदभाऊंच्या बायकोने दिलेला डबा. गावात पोचलो तेव्हा प्रत्येक अंगणात मोह वाळत घातलेला. आम्हाला पाहून लालसूभाऊंच्या चेहऱ्यावर, वसुलीवाला दारात आल्यासारखं काहीतरी आलं. त्यांची बायको चंपाबाई मात्र पदर खोचून पुढे आली.

"माही टिकली काढून टाकली म्हणे यानं तुमच्यासमोर?"

"काढली नाई बाई, नुसता कोपरा उचलला."

"मंग ठीक हाय. महाग पाकिटातली होती."

मी सगळं समजावून सांगितलं. या वेळी एकच मागणी: गाडी भरा. माणसांनी नाही, पोत्यांनी. लालसूभाऊ बाजार करून परतले होते, त्यामुळे त्यांच्या घरात मोजकीच पोती उरली होती. चंपाबाईने शेजारणीला हाक मारली, तिने पुढचीला. बघता बघता बाया डोक्यावर पोती घेऊन यायला लागल्या.

"माही पोती वापस भेटन ना गं?"

"नाई, चंद्रपूरची ताई दारू गाळते त्याची!"

"मंग मले बी सांगजो!"

मुकुंदभाऊंनी गाडीभोवती मोठी जागा रिकामी केली आणि गावभर फिरत ओरडायला सुरुवात केली, "बिडी विझवा! चूल नाई, बिडी नाई, काई नाई!" एका म्हाताऱ्याची बिडी त्यांनी स्वतः मातीत खुपसून विझवली. म्हातारा म्हणाला, "भाऊ, तुम्ही जंगल खात्याचे का?"

गाडी उघड्यावर, सगळी दारं उघडी. मी नळ्या जोडल्या, धूर सोडला. रिकाम्या गाडीत काटा जागच्या जागी. लालसूभाऊ माझ्याकडे पाहून हसले. मग पोती चढू लागली. पुढची सीट, मधली, मागची. काटा हलेना. मुकुंदभाऊंनी खिशातला रुमाल काढून डोकं पुसलं. इतक्या लांब, इतक्या बायांची पोती डोक्यावरून आणवून, काहीच निघालं नाही तर? माझी सगळी आग या गावात थट्टा होऊन राहील, आणि पुढच्या वेळी खरंच सांगायला कोणी आलं तरी कोणी ऐकणार नाही. मला भीती याची होती.

"अजून पोती हाय का?" मी विचारलं.

चंपाबाईने पडवीतलं शेवटचं पोतं आणलं. पोत्यांच्या वर ते ठेवलं. गाडीने मागून एक उसासा टाकल्यासारखं केलं आणि बूड आणखी खाली बसवलं.

काटा पडला.

हळूहळू नाही. एकदम! मी ओरडले, "पडला! पडला!" मुकुंदभाऊ धावत आले. मी गाडीखाली बॅटरी मारायला वाकणार, तेवढ्यात चंपाबाई म्हणाली, "ताई, वर पाहा."

मागच्या सीटच्या खालून, पोत्यांच्या फटीतून, उदबत्तीच्या धुरासारखा एक पांढरा धागा वर येत होता. सरळ, न डगमगता. गाडीच्या आत. बाया हसायच्या थांबल्या. मी इतके धागे पाहिले होते, पण गाडीच्या पोटात, बसायच्या जागी निघालेला हा पहिलाच.

चंपाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "इथी माही पोरगी बसते," ती म्हणाली. "लहान हाय म्हणून मागच्या कोपऱ्यात बसवते तिले."

लालसूभाऊ पुढच्या दाराकडे गेले, आत हात घातला, टिकली सोलून काढली आणि ती बायकोच्या हातावर ठेवली. झाकलेल्या दिव्याची जागा आता सगळ्यांना दिसत होती.

मग सगळं उलगडलं. पोती उतरवून गाडी दगडांवर नीट टेकवली आणि मी खाली सरकले. मोहाची पोती रात्रभर गाडीत ठेवायची इथे रीतच आहे, कारण पहाटे लवकर बाजार गाठायचा असतो. मोहासाठी उंदीर येतात. त्यांनी आधी सीटखाली, गाडीच्या तळाच्या भोकावर बसवलेली रबरी टोपी खाल्ली, मग तिच्या बरोबर खालची वाफेची नळी कुरतडली. नळीला बोटभर चीर. लोंबणारी नळी वाजते म्हणून लालसूभाऊंनी ती तारेने मागच्या आसाला बांधलेली. गाडी रिकामी असली की तार ताणलेली आणि नळी सरळ, चिरेची दोन्ही तोंडं एकमेकांना चिकटलेली. ओझ्याने बूड खाली आलं की तार ढिली, नळी वाकते आणि चीर आ वासते. म्हणजे मुलं गाडीत असली की गळती, आणि मेकॅनिक तपासायला बसला की नाही. वर टोपीचं भोक, त्यातून वाफ थेट पोरांच्या पायाशी. आणि हे सगळं झाकायला मोहाचा वास. उंदीर आणणाराही मोहच आणि लपवणाराही मोहच. मी खालीच पडून हसायला लागले. मुकुंदभाऊंना वाटलं मला वाफ चढली. त्यांनी पाय धरून मला बाहेर ओढलं.

नवी नळी टाकली, ती कड्यांनी गाडीच्या अंगालाच नीट बसवली, तार कापून फेकली, भोक बुजवलं. पोती पुन्हा चढली. या वेळी बाया न सांगता आणत होत्या. धूर सोडला. शेवटचं पोतं चढलं, गाडीने उसासा टाकला, आणि काटा तिथेच! गावाने जी आरोळी ठोकली तशी मी कुठल्या मोर्च्यातही ऐकलेली नाही. मघाचा म्हातारा म्हणाला, "आता बिडी पेटवू का, साहेब?"

लालसूभाऊ म्हणाले, "आता तं दिवा घालवा ताई."

"नाई घालवत."

"आता काऊन नाई?"

"मी बटन दाबलं तं तुम्ही माह्यावर भरोसा ठेवणार. गाडी स्वतः चालून चालून पाहीन. सगळं नीट हाय असं तिले पटलं, की दिवा आपोआप विझन. नाई पटलं तं नाई विझणार. तुम्ही तिच्यावर भरोसा ठेवा."

मुकुंदभाऊ मान हलवत म्हणाले, "ऐका तिचं. मी बी आता तेच करून राह्यलो."

जाताना मी मुलांना गोळा केलं. त्यांना एकच काम दिलं, कारण पत्रकात एकच मागणी असते. रोज गाडीत बसताना दिवा पाहायचा. चंपाबाईच्या पोरीने विचारलं, "तो आपल्याले पाहते का?" मी म्हटलं, "हाव. तो तुमच्यासाठीच जागा राह्यला होता."

परतीच्या वाटेवर मला आनंद होता आणि त्याच्या तळाशी एक सल. टिकल्या, चिकटपट्ट्या, बटनं. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर असे किती दिवे झाकलेले फिरत असतील? त्या गाड्या माझ्याकडे येणार नाहीत. आल्या तरी रिकाम्या येतील. आता मी प्रत्येक गाडी भरून तपासते. वर्कशॉपात वाळूची पोती ठेवली आहेत. ती कायले, असं गिऱ्हाइकं विचारतात, आणि मुकुंदभाऊ माझ्या आधी सांगायला लागतात.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी दर रिंगला फोनकडे झडप घालत होते. मुकुंदभाऊ म्हणायचे, "नवरदेवाचा फोन असल्यासारखी काऊन करते?" तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी एका गाडीखाली होते आणि फोन वाजला. उताणी पडूनच उचलला. पलीकडे लालसूभाऊ काहीतरी सांगत होते, पण त्यांच्या मागे गाडीभर पोरं एकाच वेळी किंचाळत होती. काही कळेना.

"भाऊ, काय झालं? गाडी कुठी उभी हाय?"

"डांबरी रस्त्यावर! झाडाखाली नाई लावत आता. पोट्टे मोह वेचून चालत आले."

"मंग ओरडून काऊन राह्यले?"

"विझला ना! आपोआप विझला! माह्या पोरीनं पाह्यला पह्यले!"

मी गाडीखाली पडल्या पडल्या ओरडले. वर्कशॉपातलं कोणी वळूनही पाहिलं नाही, त्यांना सवय आहे.

"भाऊ," मी म्हटलं, "दारं लावा, काचा वर करा, आन सांगा मले. वास कसाचा येते?"

पोरं गप्प झाली. दारं लागल्याचा आवाज आला. लालसूभाऊंनी लांब श्वास ओढलेला मला फोनवर ऐकू आला.

"पोट्ट्याहिच्या हाताचा," ते म्हणाले. "नुसता मोहाचा."